संडासाचा हिशेब आणि देशाची सुरक्षा

फौजेतून सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो. शेवटच्या पोस्टिंगला आमच्या कंपनीच्या बॅरेकमागे दहा संडास होते, त्यातले चार कायम बंद. भांड्यावर फळी, फळीवर वीट. पहाटे पीटीच्या आधी पोरांची रांग. तक्रार रजिस्टरात मी स्वतः कितीदा लिहिलं. उत्तर ठरलेलं, "साब, फंड नहीं है." आणि इन्स्पेक्शनच्या आदल्या आठवड्यात झाडांचे बुंधे न् रस्त्याकडेचे दगड गेरू-चुन्यानं रंगून तयार!

हा फंड येतो किती नि जातो कुठं, हे तेव्हापासून डोक्यात होतं. घरी आल्यावर माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, रजिस्टर पोस्ट, झालं. (पोस्टल ऑर्डरची झेरॉक्स ठेवा. मी ठेवली नव्हती, पुढं नंबर आठवेना.)

एकोणतिसाव्या दिवशी पत्र आलं: मागितलेली माहिती देशाच्या सुरक्षेशी संबंधित असल्यानं देता येत नाही. सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "संडास तुंबलेत हे शत्रूला कळलं तर तो कशाला येईल?"

मला मात्र हसू येईना. अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला सुरक्षा शिकवता? तडक त्या कार्यालयात गेलो. गेटवर पास, आत दोन तास बाकावर. बाबूनं माझ्याच पत्राची प्रत चाळली आणि म्हणाला, "वरून आलंय, आमच्या हातात काही नाही." परत. पुन्हा आठवड्यानं गेलो तर साहेब रजेवर. रागात दुसरा अर्ज खरडायला घेतला होता, तेवढ्यात वकिली करणारा भाचा आला. त्यानं पहिला अर्ज वाचला.

"मामा, बॅरेकमध्ये जवान किती राहतात हे कशाला विचारलंत?"

किती माणसांमागे किती संडास, हे दाखवायचं होतं. पण कुठल्या बॅरेकीत किती जवान, हा प्रश्न खरोखरच सुरक्षेचा. फौजेत आयुष्य घालवून मीच त्यांच्या हातात दांडकं दिलं होतं.

मग पहिलं अपील. नकाराचं पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचं, फी नाही. मी तारखा मोजत बसलो नव्हतो, चार दिवस उरले होते! अपिलात जवानांचा आकडा सोडून दिला. स्वच्छतागृहांच्या दुरुस्तीवरचा वर्षवार खर्च आणि तक्रार रजिस्टर, एवढंच धरलं. कलम १० चा आधार घेतला: काही भाग गुप्त असेल तर तो झाका, बाकीचं द्या. शिवाय कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे या कायद्यातून सूट दिलेल्या संस्थांच्या यादीत, बीएसएफ, सीआरपीएफ आहेत, भूदल नाही. हेही लिहिलं, जरा ठसक्यातच.

अपील मान्य झालं. खर्चाच्या कागदात संडास वेगळे नव्हतेच, सगळं 'इमारत देखभाल' या एका ओळीत कोंबलेलं. रजिस्टर मात्र समोर बसून बघायला मिळालं. पहिला तास फुकट असतो, नंतर दर तासाला पाच रुपये.

चाळीस मिनिटांत माझं अक्षर सापडलं. 'चार संडास बंद, भांडी फुटली.' त्यापुढं लाल शाईत: 'काम पूर्ण.' तारीख मी त्या पोस्टिंगवरून निघालो त्याच्या पाच महिने आधीची.

पानाला दोन रुपये. तीन पानं घेतली.