ओकालाच्या गवताखाली काय आहे

फ्लोरिडा म्हटलं की समुद्र, एवढंच डोक्यात घेऊन मी ओकालाला राहायला आले. पण ओकाला ज्या मॅरियन काउंटीत आहे, तिला समुद्रच नाही. इथे आहेत लांबच लांब लाकडी कुंपणं, करड्या जटा लोंबणारे ओक आणि घोडे.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या फार्मवरच्या मोतद्दारानं मूठभर गवत उपटून माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, "सगळी करामत याची." जमिनीखाली चुनखडक आहे. त्यातलं कॅल्शियम पाण्यात, पाण्यातून गवतात आणि गवतातून शिंगरांच्या हाडांत उतरतं. थॉरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत सगळ्यांचं वय १ जानेवारीपासून धरतात, आणि उशिरा जन्मलेलं शिंगरू त्याच वयाच्या मोठ्या शिंगरांपुढे कमी पडतं. त्यामुळे शिंगरू वर्षाच्या सुरुवातीलाच जन्मावं अशी सगळ्यांची धडपड असते. इथे तेव्हाही ऊन असतं, आणि लुटूलुटू पायांची पिल्लं घोडीमागे कुरणात हुंदडतात. चुनखडकाची चांगली पारख असलेल्या कार्ल रोझ यांनी १९४३मध्ये इथे पहिला थॉरोब्रेड फार्म काढला. तेरा वर्षांनी, १९५६ साली, इथे जन्मलेल्या नीडल्स या घोड्यानं केंटकी डर्बी ही अमेरिकेतली नामांकित शर्यत जिंकली.

पाहुणे आले की मी त्यांना आधी वर्ल्ड इक्वेस्ट्रियन सेंटरला नेते. २०२१मध्ये सुरू झालेल्या या घोडेस्वारीच्या संकुलात घोड्यांच्या उड्यांच्या बहुतेक स्पर्धांना तिकीट नसतं. पण माझा जीव रमतो तो सिल्व्हर स्प्रिंग्जच्या झऱ्यांवर. काचेच्या तळाच्या होडीतून खाली पाहावं, तर खडकाच्या भेगेतून पाणी वर येतंय आणि पांढरी वाळू उकळल्यासारखी नाचतेय. तोच चुनखडक! काठावर लाल तोंडाची माकडं दिसतील. १९३०च्या दशकात एका होडीवाल्यानं ती आणून सोडली. त्यांना खायला घालू नका, त्यांच्यापासून रोगाचा धोका आहे.

आय-७५ महामार्गावरून जाताना डोक्यावर झाडं लावलेला पूल दिसेल. २००० साली बांधलेला तो पूल घोडेस्वार आणि पायी चालणाऱ्यांसाठी आहे.

इथे राहायला येणार असाल तर एक कळकळीची विनंती. कुंपणावरून घोड्याला काही भरवू नका. आपण प्रेमानं दिलेल्या घासानं त्याच्या पोटात कळ उठू शकते, आणि घोड्याला उलटी होत नाही. रस्त्यात घोडेस्वार दिसला की गाडीचा वेग कमी करा, हॉर्न अजिबात नको, भरपूर अंतर ठेवून पुढे जा. तो हात वर करेल, तुम्हीही करा.

यायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि कुरणांकडे सकाळीच निघा. धुकं विरायच्या आत घोडे दिसत नाहीत, नुसतं त्यांचं फुरफुरणं ऐकू येतं.