मिगचा पंख आणि अकरा नंबरचं ब्लेड

शनिवार, रात्री अकरा. पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

आज मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका सर्जिकलच्या दुकानात गेले. शस्त्रक्रियेच्या सुरीचं तीन नंबरचं हँडल आणि त्याला बसणारी अकरा नंबरची, टोकदार, दहा ब्लेडं घेतली. "डॉक्टर का?" काउंटरवरच्या काकांनी विचारलं. प्लास्टिकचं विमान बनवते म्हटल्यावर त्यांनी दोन पंधरा नंबरची ब्लेडंही पुढे केली. "गोलाईला ही घ्या, बसतात याच हँडलला." किती नेमकं सांगितलं!

गेले चार महिने मिग-21 चाललंय, 1/72 मापाचं. 1963 साली हवाई दलात आलेलं हे विमान 26 सप्टेंबर 2025 ला चंदिगडला निवृत्त झालं, त्याच आठवड्यात मी किट मागवलं होतं. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार सव्वासात मीटरही नाही, माझ्या टेबलावर तो जेमतेम दहा सेंटीमीटर भरतो. म्हणजे माझा हात अर्धा मिलीमीटर घसरला, तर खऱ्या पंखावर साडेतीन सेंटीमीटरची खाच पडली असती. तशी खाच मी गेल्या रविवारी पाडली. स्टेशनरीवाल्या कटरने. खूप वाईट वाटलं.

चूक कटरची नव्हती. बोथट टोक मोडत जायचं हे ब्लेड 1956 मध्ये ओसाकाच्या योशिओ ओकादांनी काढलं, चॉकलेटच्या वड्या तुटतात ते पाहून आणि तेही कागद कापायला. ब्लेड खोबणीत सरकणारं, म्हणून थोडं हलणारच. कागदाला ते चालतं. उंचसखल प्लास्टिकवर जोर दिला की टोक भलतीकडे जातं.

जेवण झाल्यावर नवीन ब्लेड लावून पाहिलं. स्प्रूचा, म्हणजे किटचे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा, दांडा नायपरने (छोट्या कापायच्या पकडीने) आधी लांबून तोडला, उरलेला मिलीमीटरभर ठोंब पातळ पातळ चकत्यांनी उतरवला. लोणी कापावं तसं! पण धडाच्या सांध्यावरची रेघ खरवडायला घेतली आणि तेच ब्लेड थरथरलं, पृष्ठभागावर बारीक लाटा उमटल्या. फार पातळ आहे ते. मग जुना पेनासारखा आर्ट नाइफ काढला, त्याचं जाड ब्लेड उभं धरून अलगद ओढलं, तेव्हा रेघ गेली. कापायला एक, खरवडायला दुसरा. एकच घ्यायचा असेल तर मी अजूनही हा जाडवालाच घेईन, कारण या छंदात कापणं थोडं आणि खरवडणंच जास्त.

फक्त त्याची मूठ गोल आहे. मे महिन्यात तो टेबलावरून गडगडत खाली आला आणि माझ्या अनवाणी पायापासून दोन बोटांवर चटईत रुतला. तेव्हापासून मागच्या टोकाला चिकटपट्टीचा झेंडा आहे, गडगडत नाही. आई म्हणाली, बोथट विळीनेच बोट कापतं, ब्लेड बदलायचा आळस करू नकोस. खरंय. धार गेली की आपण जोर लावतो.

ही ब्लेडं कार्बन स्टीलची आहेत, या हवेत गंजायला वेळ लागणार नाही. शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून ठेवलीत. वापरायच्या आधी मात्र पुसायला हवं, तेल लागलं तर रंग धरत नाही. वापरलेली ब्लेडं व्हिक्सच्या रिकाम्या डबीत. कचरा उचलायला येणाऱ्या मावशींचा हात उघडा असतो.

पंखावरच्या खाचेत पुट्टी भरून ठेवलीय. उद्या संध्याकाळपर्यंत वाळेल, मग पंधरा नंबर लावून बघते.