आमार्गोर की आमार्गुरा?

दक्षिण स्पेनमधल्या सेविया शहरात रस्त्यांच्या कडेला संत्र्यांची झाडं आहेत. फळं हाताला लागतील इतकी खाली लोंबतात, तरी गावातलं कुणी ती तोडून खात नाही, कारण ती कडू. मार्मालेडसाठी इंग्रजांना मात्र हीच हवीत. या फळाच्या कडूपणाला स्पॅनिशमध्ये ‘आमार्गोर’ म्हणतात. आणि ईस्टरच्या आठवडाभर आधी, झावळ्यांच्या रविवारी, त्याच शहरातून मेरीची जी एक मिरवणूक निघते, त्या मेरीचं नाव ‘आमार्गुरा’. हाही कडूपणाच, पण पोटचा मुलगा गमावणाऱ्या आईचा. विशेषण एकच, ‘आमार्गो’, म्हणजे कडू. प्रत्यय बदलला की कडूपणा जिभेवरून काळजात उतरतो. एखाद्याला ‘आमार्गुराच्या गल्लीतून नेणं’ म्हणजे त्याला सळो की पळो करून सोडणं. तिथे ‘आमार्गोर’ घातलं तर ऐकणारा हसेल.

इथे कुणालाही नियम सापडल्याचा आनंद होतो. ‘ओर’वाले शब्द पुल्लिंगी आणि शरीराचे, ‘उरा’वाले स्त्रीलिंगी आणि मनाचे. गोड म्हणजे ‘दुल्थे’, त्यावरूनही अशीच जोडी निघते: द्राक्षाचा ‘दुल्थोर’ आणि माणसाच्या स्वभावातली ‘दुल्थुरा’. आपल्याकडे नाही का, उसाची गोडी वेगळी आणि आवाजातला गोडवा वेगळा; शिवाय वाचनाची गोडी लागते, वाचनाचा गोडवा कधी लागत नाही. (स्पेनमधला हा ‘थ’ अटलांटिक ओलांडला की ‘स’ होतो, तेव्हा मेक्सिकोत दुल्सुरा.)

पण हा आनंद ‘फ्रेस्को’पर्यंतच टिकतो. फ्रेस्को म्हणजे ताजं, गारसर. कोर्दोबातल्या जुन्या घरांच्या फुलांनी भरलेल्या अंगणांत ऐन उन्हाळ्यात जो गारवा लागतो तो ‘फ्रेस्कोर’. इथवर ठीक. ‘फ्रेस्कुरा’ मात्र भाजीचा, माशाचा ताजेपणाही होते, आणि कुणी रांग मोडून खुशाल पुढे घुसला तर त्याला उद्देशून ‘के फ्रेस्कुरा!’ असंही म्हणतात. काय हा आगाऊपणा! ‘बेर्दे’ म्हणजे हिरवं; ‘बेर्दोर’ ही रानाची हिरवाई, आणि ‘बेर्दुरा’ चक्क मंडईतली भाजी. मनाचा तिथे काय संबंध?

खरी गंमत ‘आल्तो’ची, म्हणजे उंचची. एका विशेषणाची इतकी पोरं, आणि भाऊबंदांनी वाटण्या करून घ्याव्यात तशी प्रत्येकाने आपापली जमीन धरली आहे. डोंगराची, भिंतीची, माणसाची उंची ‘आल्तुरा’कडे. ‘आल्तेथा’कडे राजघराणं: पूर्वी कास्तियाच्या, म्हणजे स्पेनमधल्या जुन्या राज्याच्या, राजांनाच आल्तेथा म्हणत. सोळाव्या शतकात कार्लोस सम्राट झाला, त्याला त्याहून भारदस्त ‘माखेस्ताद’ (इंग्रजीतलं ‘मॅजेस्टी’) हवं झालं, आणि आल्तेथा राजपुत्र-राजकन्यांच्या वाट्याला आलं. ‘आल्तिबेथ’कडे राहिला नुसता ताठा. ‘बाखो’ची, म्हणजे ठेंगण्याची, वाटणी याहून कडक. ‘बाखेथा’ म्हणजे नीचपणा, आणि ‘बाखुरा’ बिचारी कोळ्यांच्या बोलण्यात टिकली. गालिसियाच्या बंदरांत किनाऱ्यालगतच्या मासेमारीला ‘पेस्का दे बाखुरा’ म्हणतात आणि दूर समुद्रातल्या मासेमारीला ‘पेस्का दे आल्तुरा’. आपला कोळी खोल समुद्रात जातो, गालिसियाचा उंच समुद्रात.

मग निवड करायची कशी? कोश उघडावा तर १७१३ साली स्थापन झालेल्या राजेशाही भाषा अकादमीचा कोश आमार्गोर आणि आमार्गुरा या दोघांनाही दोन्ही अर्थ देऊन मोकळा होतो: चवही, दुःखही. कोशाचं चूक नाही, जुन्या ग्रंथांत दोन्ही सापडतात. पण त्यातलं आज काय बोलायचं, हे तिथे कळत नाही. मला वाटतं, अशा वेळी अर्थ बाजूला ठेवावा आणि शब्द कोणाच्या संगतीत हिंडतो ते पाहावं. कॉफी, बिअर, ऑलिव्हचं तेल यांच्या शेजारी आमार्गोर दिसतो. तेलाच्या बाबतीत तर ती स्तुती असते; चांगलं ताजं तेल चाखणारे त्यात थोडा कडूपणा शोधतातच. आमार्गुरा अश्रूंबरोबर आणि आठवणींबरोबर हिंडते.

माझी सर्वांत आवडती जोडी ‘यानो’ची. यानो म्हणजे सपाट. ‘यानुरा’ म्हणजे मैदान, ला मांचाचं असतं तसं, जिथे नजर अडवायला पवनचक्क्यांखेरीज फारसं काही नाही. आणि ‘यानेथा’ म्हणजे माणसाचा साधेपणा, बोलण्यातला सरळपणा. सेर्वान्तेसच्या ‘दोन किखोते’ (डॉन क्विक्झोट) या कादंबरीच्या १६१५च्या दुसऱ्या भागात बाहुल्यांचा खेळ चाललेला असतो. निवेदन करणारा पोरगा अलंकारिक भाषेत शिरायला लागतो, तेव्हा खेळाचा मालक आतूनच ओरडतो: यानेथा, पोरा, उगाच वर चढू नकोस, सगळा नखरा वाईटच. सेर्वान्तेसने तिथे ‘सेन्थियेथ’ वापरला असता तरी साधेपणाच झाला असता. पण ‘वर चढू नकोस’ला मग पायाखाली सपाट जमीन उरली नसती.