पुन्हा 39-43

13 मे 2025, मंगळवार

एनबीएची, म्हणजे अमेरिकी बास्केटबॉल लीगची, ड्राफ्ट लॉटरी काल शिकागोतच झाली. ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडताना वरचे नंबर, म्हणजे पिक, कुणाला हे ही सोडत ठरवते. कार्य घरचं, आणि घरच्यांचं, म्हणजे शिकागो बुल्सचं, पान बाराव्या नंबरवर. पहिला पिक डॅलसला, म्हणजे ड्यूक विद्यापीठाचा कूपर फ्लॅग. त्याबद्दल कुणाला शंका नाही. बुल्स आणि डॅलस, दोघांचाही सीझन 39-43, म्हणजे 39 विजय, 43 पराभव.

हे गणित एकदा लिहूनच ठेवतो. यंत्रात 1 ते 14 आकड्यांचे 14 चेंडू, त्यातले 4 काढतात. क्रम धरत नाहीत, त्यामुळे संच होतात 1001. एक बाद, उरलेले 1000 प्लेऑफ हुकलेल्या 14 टीमना आधीच वाटून दिलेले. तळाच्या तिघांना 140-140, मग 125, 105 अशी उतरंड. अकराव्याला 20, बाराव्याला 15. रेकॉर्ड सारखा असेल तर दोघांची बेरीज करून निम्मे-निम्मे. इथे बेरीज 35 आणि अर्धा संच देता येत नाही, म्हणून नाणं उडवलं. डॅलसला 18, बुल्सना 17. नाणं उलटं पडलं असतं तर तेच 18 संच शिकागोकडे असते.

नाण्याला शिव्या घालून मोकळं होता येतं. पण टीमला त्या जागी नाण्याने नेलेलं नाही. 2022-23 ला 40-42, मग 39-43, आता पुन्हा 39-43. तिन्ही वर्षं प्ले-इन (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या मॅच), तिन्ही वर्षं मायामीपुढे शरणागती. यंदा तर घरच्या कोर्टवर, 109-90. तळ गाठला की पहिला पिक मिळतोच असं नाही, कालच यूटा 17-65 करून पाचव्यावर घसरली. पण सगळ्यात खालची टीम पाचव्याच्या पलीकडे घसरूच शकत नाही. मधल्याच्या नशिबी सहसा ना वरचा पिक, ना प्लेऑफची एखादी सीरिज.

फेब्रुवारीतला प्रकार तर अजून पचत नाही. 2021 मध्ये डेमार डिरोझनला आणताना सॅन अँटोनियोला पहिल्या फेरीचा एक पिक देऊ केला होता. यंदा त्यावर टॉप-10 प्रोटेक्शन होतं: पहिल्या दहात पडला तर बुल्सचा, अकराव्यापासून पुढे स्पर्सचा. झॅक लाव्हीनला सॅक्रामेंटोला धाडलं त्या तीन टीमच्या ट्रेडमध्ये हाच पिक परत मिळवला. चांगलं काम, कबूल. 2022 मध्ये त्याला दिलेल्या 5 वर्षांच्या, 21.5 कोटी डॉलरच्या काँट्रॅक्टमधूनही सुटका झाली. पिक आपलाच, तेव्हा आता जितकं हराल तितका फायदा. आणि मग टीमने शेवटच्या 20 पैकी 15 मॅच जिंकल्या!

खेळाडूंना बोल लावण्यात अर्थ नाही. कोर्टवर उतरलेला माणूस जिंकायलाच खेळणार. कोबी व्हाइट तर मार्चमध्ये ईस्टचा, म्हणजे लीगच्या पूर्व गटाचा, प्लेअर ऑफ द मंथ ठरला. हरायचं असेल तर ते ऑफिसातून ठरवावं लागतं, वयस्क खेळाडू ट्रेडच्या डेडलाइनच्या आधी विकून. 34 वर्षांचा निकोला वुचेविच जिथल्या तिथेच राहिला.

मूळ दुखणंही त्याचंच. म्हणजे त्याचं नव्हे, त्याच्यासाठी मोजलेल्या किमतीचं. मार्च 2021 मध्ये बुल्सचे बास्केटबॉल प्रमुख आर्तुरास कार्निशोवस यांनी ऑरलँडोला वेंडेल कार्टर, ऑटो पोर्टर आणि पहिल्या फेरीचे दोन पिक दिले. 2021 च्या पिकवर प्रोटेक्शन फक्त टॉप-4. सीझन संपला 31-41 वर, पिक पडला आठवा, ऑरलँडोने फ्रान्झ वॅगनर घेतला. 2023 चा पिकही, अकरावा, तिकडेच गेला. कोहळा देऊन आवळा घेतला. त्याच वर्षी डिरोझनच्या सौद्यात टॉप-10 लिहून घेता येतं, तर इथे चारवर का भागवलं? अधांतरी टीमचा पिक पाच ते चौदामध्येच पडायचा. प्रोटेक्शन हवं ते तिथेच.

बरं, विकायचं तर वेळेवर तरी? 2022, 2023, 2024, तीन फेब्रुवारी डेडलाइन गेल्या, एकही ट्रेड नाही. डिरोझनचं काँट्रॅक्ट संपेपर्यंत थांबले, आणि मग साइन-अँड-ट्रेडमध्ये (नवं काँट्रॅक्ट करून लगेच दुसऱ्या टीमला देणं) हाती आलं काय, तर ख्रिस डुआर्टे, दुसऱ्या फेरीचे दोन पिक आणि थोडी रोकड. ॲलेक्स करुसोच्या बदल्यात ओक्लाहोमाकडून जॉश गिडी आला. गिडी वाईट नाही, उलट सीझनच्या उत्तरार्धात फारच छान खेळला. पण ज्या टीमकडे पिकची गोदामं भरलेली, तिच्याकडून वर एकही पिक मागून घेतला नाही. ओक्लाहोमाने यंदा 68 मॅच जिंकल्या.

मालक राइन्सडॉर्फ यांना घाई कसली असणार? युनायटेड सेंटरमध्ये 20,917 खुर्च्या, आणि हजेरीत बुल्स लीगमध्ये वरच्याच नंबरात. लक्झरी टॅक्स, म्हणजे पगारांचा खर्च मर्यादेबाहेर गेला की लीगला भरायचा कर, या फ्रँचायझीने आजवर एकदाच भरला, 2012-13 ला. जे टॅक्स भरत नाहीत त्यांना भरणाऱ्यांच्या पैशांतून वाटाही मिळतो. 39-43 हा धंदा म्हणून उत्तम आकडा आहे.

आता उन्हाळ्यात गिडी रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट. ब्रुकलिन सोडलं तर कॅप स्पेस, म्हणजे पगाराच्या मर्यादेत उरलेली जागा, जवळपास कुणाकडे नाही, म्हणजे बाहेरून मोठी ऑफर यायची शक्यता कमी, आणि आलीच तर तेवढेच पैसे देऊन ठेवून घेण्याचा हक्क बुल्सचा. अशा वेळी पहिल्याच आठवड्यात स्वतःच्याच विरुद्ध बोली चढवू नये, इतकीच अपेक्षा. गेल्या वर्षी पॅट्रिक विल्यम्सला 5 वर्षांचे 9 कोटी डॉलर दिले, तेव्हाही बाजारात त्याच्यासाठी रांग लागलेली नव्हती.

ड्राफ्ट जूनमध्ये. गेल्या वर्षी अकराव्यावर मटास बुझेलिस मिळाला, पोरगा बरा निघालाय. यंदा बारावा.