पन्नासातली सातवी प्रत

कलाग्रंथालयात नोंदी करणाऱ्या माणसाच्या नाकी नऊ आणतात त्या सोळा पानी पुस्तिका. जाडजूड ग्रंथ बापडे सरळ असतात. शीर्षकपान असतं, प्रकाशक असतो, साल असतं. चित्रकार आणि छायाचित्रकार जे स्वतःच छापतात, स्वतःच घड्या घालतात आणि मध्ये दोन पिना मारून वाटतात, त्यात यातलं काही नसतं, किंवा असतं ते मुद्दाम खोटं असतं. प्रकाशकाच्या जागी कधीच नसलेल्या संस्थेचं नाव, शीर्षक आतल्या घडीत दडवलेलं, पान क्रमांक उलटे. दर वेळी खोडसाळपणाच असतो असं नाही. छापताना बहुतेकांच्या डोक्यात ग्रंथालय नसतंच.

ग्रंथालयांच्या डोक्यात तरी ही मंडळी कुठे होती म्हणा! एड रुशे या अमेरिकन चित्रकाराने १९६३ साली ‘ट्वेंटीसिक्स गॅसोलीन स्टेशन्स’ ही पेट्रोलपंपांच्या फोटोंची पातळशी पुस्तिका काढली आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, पाठवली. त्यांनी ती नाकारली. पुढच्या वर्षी रुशेने ‘आर्टफोरम’ या कलाविषयक मासिकात जाहिरात दिली, तिच्यात हा नकारच तारखेसकट ठळक छापला. आमच्या धंद्यात ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकवतात. हसायला म्हणून, आणि थोडी जरब बसावी म्हणूनही.

तर एका संग्राहकाच्या पश्चात त्याच्या घरच्यांनी दिलेली खोकी आमच्याकडे आली होती. त्यातल्या एका खोक्यात एकाच पुस्तिकेच्या दोन प्रती निघाल्या. शीर्षक सांगत नाही, कारण पुढे कळेल. चार कागद मधोमध दुमडून केलेली सोळा पानं, आत रिकाम्या खुर्च्यांचे रंगीत फोटो, खाली टाइपरायटरवर टंकलेल्या एकेका ओळीचा मजकूर. मलपृष्ठावर ‘१९७९, ५० प्रतींची आवृत्ती’ असं छापलेलं आणि त्याखाली पेन्सिलीने आकडा. एका प्रतीवर ७, दुसरीवर ३१. कलाकार हयात आहेत, आमच्या नोंदवहीत त्यांचा फोनही होता.

साल छापलेलं आहे, आवृत्ती छापलेली आहे, म्हणजे पाच मिनिटांचं काम. पण पान तिरपं धरलं तेव्हा रंग चमकला. टोनर, म्हणजे झेरॉक्स यंत्रातली रंगाची भुकटी, कागदात मुरत नाही, वर बसतो, म्हणून तो असा उजेड मारतो. रिसोग्राफ या स्टेन्सिलने छापणाऱ्या यंत्राची शाई याच्या नेमकी उलट. ती कागदात शिरते पण पुरती वाळत नाही, वर्षांनंतरही बोटाला गुलाबी रंग लावून जाते. इथे बोट कोरडं राहिलं. टोनर म्हणजे रंगीत फोटोकॉपी, आणि १९७९ साली रंगीत फोटोकॉपी नव्हती असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. झेरॉक्सचं ६५०० हे रंगीत यंत्र १९७३ मध्येच आलं होतं आणि कलाकारांनी ते हौसेने वापरलंही होतं. टाइपरायटरच्या अक्षरांवरून काही ठरत नाही, जुनं टंकलेलं पान केव्हाही काचेवर ठेवता येतं. ३१ नंबरच्या पिना गंजल्या होत्या, कागदावर तांबूस डाग उतरले होते. ७ नंबरच्या पिना लखलखीत. पण गंज हा दमटपणावर असतो, वयावर नाही. एकच कपाट, दोन वेगळे कोपरे, एवढंही कारण पुरतं.

संवर्धन विभागातला आमचा सहकारी त्या गंजक्या पिना काढायला आला होता. त्याच्या खिशात निळ्या उजेडाची छोटी बॅटरी असते. म्हणाला, “मॅडम, जरा खोलीतला दिवा घालवा.”

निळ्या उजेडात पिवळा रंग काळपट दिसतो. पानाच्या कोऱ्या समासावर भिंग धरलं तर तिथे ठिपके होते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे, साध्या उजेडात डोळे फोडले तरी दिसणार नाहीत असे. उभ्या पंधरा आणि आडव्या आठ ओळींची जाळी, आणि तीच जाळी पानभर पुन्हा पुन्हा उमटलेली.

ही रंगीत लेझर यंत्रांची गुप्त खूण. कुणी नोटा छापू नयेत, छापल्या तर यंत्र सापडावं, यासाठी काही कंपन्यांनी ऐंशीच्या दशकात हे तंत्र काढलं आणि वापरणाऱ्याला पत्ता लागू दिला नाही. २००५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेने झेरॉक्सच्या डॉक्युकलर यंत्रांची जाळी उलगडून जाहीर केली. प्रत्येक उभी ओळ म्हणजे एक आकडा. सगळ्यात वरची जागा पडताळणीसाठी, तिच्याखाली ६४, ३२, १६ असं निम्मं निम्मं होत शेवटी १. जिथे ठिपका, तिथली किंमत बेरजेत धरायची. एका ओळीत मिनिट, एकीत तास, पुढे दिवस, महिना, साल (शतक सोडून), आणि शेवटाकडे यंत्राचा अनुक्रमांक. सगळ्या कंपन्यांच्या खुणा अशा वाचता येत नाहीत. आमची जाळी मात्र या जाहीर झालेल्या नमुन्याशी तंतोतंत जुळली.

आम्ही दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ३१ नंबरच्या प्रतीत साल निघालं ४. ७ नंबरच्या प्रतीत निघालं ९.

म्हणजे १९७९ तर नाहीच. वर सातवी प्रत एकतिसावीनंतर पाच वर्षांनी छापलेली, आणि तीही दुसऱ्या यंत्रावर, कारण अनुक्रमांक वेगळे. यंत्राचं घड्याळ चुकीचं लावलेलं असू शकतं, हे खरं. कार्यालयातल्या यंत्रांची घड्याळं कोण पाहतं? पण एकमेकांशी संबंध नसलेली दोन घड्याळं अशी जवळपासच्या सालांत चुकतील, हे पटणारं नव्हतं.

खरी मौज तास-मिनिटांत होती. ३१ नंबरच्या प्रतीत तासाच्या ओळीत १६, ४ आणि १ या जागी ठिपके, म्हणजे एकवीस. रात्रीचे नऊ वाजून गेलेले. चार कागदांच्या आठ बाजू, प्रत्येक बाजूवर आपापलं मिनिट. १२, १३, १३, १४, १५. आणि सहावी बाजू एकदम ५२. घड्याळ वर्षाच्या बाबतीत चुकलेलं असलं तरी एकाच बैठकीतलं हे अंतर चुकत नाही. सदतीस मिनिटं कुणीतरी यंत्रापासून लांब होतं, किंवा यंत्र बंद होतं.

मी मुख्य ग्रंथपालांकडे गेले. त्यांचं पहिलं म्हणणं असं की छापलंय ते लिहा, आपण गुप्तहेर खातं नाही. नियमांत सोय आहे. खोटं किंवा चुकीचं साल छापलेलं असेल तर ते जसंच्या तसं उतरवायचं आणि खरं साल टिपेत द्यायचं. पण टिपेत ‘खरं’ म्हणून लिहायचं काय, आणि कुणाच्या साक्षीवर? या क्षेत्रात वस्तू स्वतःबद्दल जे सांगते ते अनेकदा नाटकाचाच भाग असतं. १९६८ साली सेथ सीगेलॉब या न्यूयॉर्कच्या कलाप्रदर्शनकाराने सात कलाकारांना प्रत्येकी पंचवीस पानं देऊन जे पुस्तक काढलं ते आजही ‘झेरॉक्स बुक’ म्हणूनच ओळखलं जातं, आणि छापलं गेलं ऑफसेटवर, कारण हजार प्रती झेरॉक्स करणं परवडेना. आमच्या टिपेत ‘ऑफसेट’ लिहिलं म्हणून त्याचं नाव कुणी बदलत नाही. तेव्हा माझं म्हणणं होतं की दोन्ही गोष्टी नोंदीत शेजारी बसू शकतात, फक्त आधी विचारून घेऊ.

कलाकार बाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुम्ही ग्रंथालयातून बोलताय की पोलीस ठाण्यातून?”

१९७९ हे छपाईचं साल नव्हतंच. फोटो त्या सालचे, टंकलेल्या ओळी त्या सालच्या. पुस्तिका त्या सालात घडते, म्हणून त्यांनी तेच साल छापलं. पन्नास आकड्यांची यादी त्यांनी घरी करून ठेवली होती. कुणी प्रत मागितली की आधी विचारायच्या, आकडा कोणता हवा? मग तेवढीच एक प्रत छापायच्या. सात हा आकडा लोकांचा आवडता असेल असं वाटून त्यांनी तो कित्येक वर्षं राखून ठेवला. शेवटी आमच्या संग्राहकाने हट्ट धरला. त्याच्याकडे ३१ आधीच होती, तरी.

मला हे फार आवडलं, खरं सांगते. मर्यादित आवृत्तीचा आकडा हे बाजाराचं हत्यार आहे. कमी आकडा म्हणजे आधीची, म्हणून महाग, असा समज. रुशेनेही आपल्या पहिल्या ४०० प्रतींवर आकडे घातले होते आणि १९६५ च्या एका मुलाखतीत ती चूक होती असं सांगून टाकलं. १९६७ आणि १९६९ मध्ये पुन्हा छापताना आकडे घातलेच नाहीत. बाईंनी आकडा ठेवला आणि त्यातली हवाच काढून घेतली.

मग मी विचारलं, “पाचव्या बाजूनंतर सदतीस मिनिटं काय झालं?”

पलीकडे काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. मग त्या इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. छपाई नोकरीच्या ठिकाणी चालायची, सगळे घरी गेल्यावर, साहेबांच्या रंगीत यंत्रावर. रखवालदाराची फेरी दहाची. त्या रात्री तो लवकर आला. बाईंनी हिशोबाचे कागद टेबलावर पसरले आणि काम उरकत असल्यासारखं केलं. तो बिचारा समोरच्या खुर्चीत बसला आणि मुलीच्या परीक्षेबद्दल बोलत राहिला. “आणि ज्या खुर्चीत तो बसला होता ना, तिचाच फोटो काचेवर पालथा पडला होता. मला भीती एवढीच की झाकण उघडं आहे की बंद, ते आठवेना.”

यंत्र प्रत्येक पानावर आपली साक्ष ठेवत होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. ते कळल्यावर मात्र हसू थांबलं. त्या कंपनीतून त्यांना निवृत्तिवेतन मिळतं. अनुक्रमांकावरून यंत्र शोधता येतं, यंत्रावरून कार्यालय. “हे तुम्ही सगळं छापणार?” असं त्यांनी विचारलं तेव्हा आवाज बदललेला होता.

नाही छापलं. अनुक्रमांक मी कुठेच उतरवला नाही, आमच्या अंतर्गत फायलीतही नाही. आकडेमोडीचा कागद फाडला. तास-मिनिटंही नोंदीत गेली नाहीत. हा किस्सा इथे सांगायची परवानगी बाईंनी नंतर स्वतः दिली, शीर्षक आणि नाव वगळायच्या अटीवर. वाचक कोणतं पुस्तक नेतो हे आम्ही कुणाला सांगत नाही, मग छापणारा कुठे छापतो हे तरी का सांगावं? संशोधकाला हवं असतं ते एवढंच की प्रती एकेक करून, वर्षांच्या अंतराने, मागणीनुसार निघाल्या. ते टिपेत आहे.

मुख्य ग्रंथपालांशी वाद झाला तो दुसऱ्याच मुद्द्यावर. दोन यंत्रं, दोन वर्षं, म्हणजे दोन मुद्रणं, तेव्हा दोन नोंदी कराव्यात असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या, कलाकार एकच आवृत्ती म्हणते ना, मग एकच नोंद. शेवटी एकच नोंद झाली, साल १९७९, आणि प्रत्येक प्रतीला आपापली टीप. चौकटी कंसात एकीला [२००४?], दुसरीला [२००९?]. प्रश्नचिन्हं माझ्या आग्रहाने, घड्याळासाठी. आजही मला दोन नोंदी बरोबर वाटतात, पण ते असो. पिना बदलून दोऱ्याने शिवल्या. पीव्हीसीची पारदर्शक पाकिटं टोनरला चिकटतात, म्हणून प्रती कागदी पाकिटात ठेवल्या.

काही महिन्यांनी बाईंनी पोस्टाने आणखी एक प्रत पाठवली, ग्रंथालयाला भेट म्हणून. क्रमांक १८. सोबत चिठ्ठी नव्हती. मी कौतुकाने चाळली, तेच फोटो, तोच कागद. सहकारी बॅटरी घेऊन आधीच दिव्याच्या बटणापाशी उभा होता.

जाळी तीच, त्याच जातीच्या यंत्राची. सालाच्या ओळीत पाच ठिपके. ६४, ८, ४, २, १. एकोणऐंशी.

मी फोन केला. म्हणाल्या, “जुनं यंत्र मिळालं एकाकडे. घड्याळ मागे जाईना हो. मग पुढे नेलं, दोन हजार एकोणऐंशीपर्यंत. शतक ते छापतच नाही असं तुम्हीच सांगितलंत ना?”

मुख्य ग्रंथपालांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या की या प्रतीला कंसात काहीही घालू नका. मी टिपेत लिहिलं: मुद्रित साल १९७९, यंत्रखुणेत ७९, प्रत टपालाने प्राप्त. शिक्का असलेलं पाकीट फेकलं नाही, त्यावरची तारीख वाचता येते. तेही प्रतीसोबत ठेवलंय, स्वतंत्र क्रमांक देऊन.