खेळपट्टीचे पाणी

एप्रिलमध्ये पहाटे साडेपाचला घराजवळच्या मैदानावर फिरायला गेले की माळीकाका खेळपट्टीला पाणी घालताना दिसतात. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून ते फवारा पसरतात, पाणी मुरेपर्यंत थांबतात आणि मग खिशातली किल्ली मातीत टोचून पाहतात. किल्लीला माती चिकटली तर रोलर फिरवायला अजून अवकाश आहे असे समजायचे. पूर्वी हे काम सात वाजता चाले. आता उशिरा घातलेले पाणी "उन्हाच्याच पोटात जातं, ताई," असे ते म्हणतात, आणि मुलांचा सरावही नऊच्या आत गुंडाळला जातो.

व्यावसायिक खेळाने तापत्या हवेला आजवर दिलेले उत्तर बहुतांशी असेच आहे: वेळ सरकवायची, नाहीतर जागा. 2019 मध्ये दोहा येथे जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली, तरी 68 पैकी 28 जणींना ती पूर्ण करता आली नाही. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उकाड्याच्या धास्तीने दूर उत्तरेला साप्पोरोला नेली, आणि तिथेही महिलांची शर्यत आदल्या संध्याकाळी निर्णय घेऊन तासभर अलीकडे ओढावी लागली.

ही पळापळ आपण पुणेकरांनी घरबसल्या पाहिली आहे. 2016 च्या दुष्काळात, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली त्याच आठवड्यात, मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले; पुढे 1 मेच्या, पुण्याजवळच्या गहुंजे मैदानातल्या सामन्याला तेवढी सवलत मिळाली, आणि मग पुण्याचा संघ 'घरचे मैदान' म्हणून विशाखापट्टणमला गेला. 2018 मध्ये उलटा प्रकार झाला. कावेरीच्या पाण्यावरून पेटलेल्या आंदोलनामुळे चेन्नईचे सामने गहुंजेला आले, आणि इथे त्या मैदानाला पवनेचे पाणी घ्यायला न्यायालयाने मनाई केली. एका नदीच्या भांडणातून निसटलेला संघ दुसऱ्या नदीच्या खटल्यात येऊन पडला, याची गंमत वाटावी की लाज, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्यामानाने 2024 च्या टंचाईत बंगळुरूने चिन्नास्वामी मैदानाला प्रक्रिया केलेले सांडपाणी दिले, तो उपाय मला प्रामाणिक वाटतो, कारण त्यात पळून जाणे नाही. 2023 च्या आयपीएलमध्ये बाद फेरीतल्या प्रत्येक निर्धाव चेंडूमागे 500 झाडे लावण्याची घोषणा झाली आणि पडद्यावर टिंबाच्या जागी झाड उगवू लागले. षटक निर्धाव गेले की आमच्या घरात 3,000 झाडांचा हिशेब होई, आणि फलंदाज चाचपडू लागला की कधी नव्हे ते बरे वाटे. झाडे लागोत बापडी. पण 2016 मध्ये 60 सामन्यांची असलेली ही स्पर्धा 2025 मध्ये 74 सामन्यांची झाली, आणि दर दोन-तीन दिवसांनी विमानात बसणारे संघ व रात्रभर जळणारे दिवे यांचे चित्र मात्र पडद्यावर कुठे उगवत नाही.

गेल्या गुरुवारी आमच्या भागात पाणी बंद होते. काकांनी बुधवारी भरून ठेवलेल्या पिंपातले पाणी तीनपैकी मधल्या एकाच पट्टीला घातले, उरलेल्या दोन्हींवर ओले गोणपाट पसरले आणि किटबॅगा घेऊन आलेल्या मुलांना सांगितले, "आज एकाच विकेटवर खेळा रे. बाकीच्या दोन झोपू द्यात."