सकर मासा घेण्याआधी त्याचं तोंड बघा
दुकानात 'काच साफ करणारा मासा' म्हणून बोटाएवढा सकर देतात ना, तो बहुतेक वेळा कॉमन प्लेको असतो आणि फूटभर सहज वाढतो, मग दोन फुटी टँकमध्ये त्याला धड वळताही येत नाही, बघवत नाही अगदी. प्लेकोचं तोंड खालच्या बाजूला, गोल, काचेला चिकटणारं. कोरीडोरास हा तळाशी राहणारा वेगळा मासा मात्र दोन-अडीच इंचांचा, छोट्या मिशांनी वाळू चाळत फिरतो, मधेच सुळकन वर येऊन हवा गिळतो, घाबरू नका, ते नॉर्मल आहे. पण त्याला एकटं ठेवू नका, निदान सहा तरी हवेत, म्हणजे बाकीचे मासे कमीच घ्या. सकरच हवा असेल तर ब्रिसलनोज ही प्लेकोचीच छोटी जात बघा, पाचेक इंचांवर थांबतो. आणि टँकमधली घाण कुठलाच सकर खात नाही, उलट स्वतःच भरपूर करतो, पाणी तुम्हालाच बदलावं लागणार.